ऋषिकेश राफ्टिंग आणि गोमुख ट्रेक, लेकीला आणि बाबांना घेऊन: माहिती हवी आहे (अपडेट: जाऊन आलो)

कावेरी_ठाणे | १९ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी. दसऱ्याच्या सुमारास दहा दिवस सुट्टी मिळतेय आणि यावेळी गंगा धरून वर जायचं असं घरात ठरलंय. म्हणजे खाली ऋषिकेशला राफ्टिंग आणि मग गंगोत्रीहून गोमुखापर्यंत चालत, जिथे हिमनदी संपते आणि भागीरथी सुरू होते तिथपर्यंत. लेक नववीत आहे, १५ वर्षांची, भूगोलाच्या वहीत हिमनदीची आकृती काढल्यापासून तिच्या डोक्यात हेच आहे की खरी कशी दिसते ते बघायचं. सोबत नवरा आणि माझे बाबा, वय ६७. बाबा रोज येऊरला चालायला जातात, बीपीची एक गोळी सोडली तर बाकी काही नाही.

प्लॅन असा केलाय: पहिल्या दिवशी डेहराडूनला उतरून ऋषिकेश, दुसऱ्या दिवशी राफ्टिंग, तिसऱ्या दिवशी गाडीने थेट गंगोत्री, चौथ्या दिवशी भोजबासा मुक्काम, पाचव्या दिवशी गोमुख करून परत गंगोत्री. उरलेले दिवस मसुरीला.

परमिटचं काय करायचं, बाबांना भोजबासापर्यंत झेपेल का, गोमुखाला बर्फावर चालता येतं का आणि लेकीला राफ्टमध्ये बसवणं सेफ आहे का, तिला पोहता येतं पण फक्त स्विमिंग पूलमध्ये. जे गेलेत त्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा.

सह्यवेडा_सातारा | १९ ऑगस्ट २०२४

कावेरीताई, तिसरा आणि चौथा दिवस बदला, बाकी सगळं नंतर बोलू.

आम्ही सहा जण २०१८ च्या मे महिन्यात अगदी हाच प्लॅन घेऊन गेलो होतो. ऋषिकेशहून पहाटे निघालो, संध्याकाळी गंगोत्री, दुसऱ्या दिवशी सकाळी भोजबासाकडे. आमच्यातला सगळ्यात दमदार मित्र, राजगड-तोरणा एका दमात करणारा, संध्याकाळी भोजबासाला पोचल्यावर म्हणाला डोकं दुखतंय, आम्हाला वाटलं उन्हाने असेल, चहा प्यायला लावला आणि झोपवलं. रात्री एक वाजता त्याला उलट्या सुरू झाल्या, उठून दोन पावलं टाकली की तोल जायचा. अंधारात दगडी वाटेवर खाली नेणं शक्य नव्हतं, चार तास आम्ही त्याच्याशी बोलत बसलो, त्याला झोपू द्यायची भीती वाटत होती. उजाडल्यावर दोघांच्या खांद्यावर हात टाकून त्याला खाली काढला. वाटेतल्या चिरबासाच्या खाली आल्यावर तो स्वतःच्या पायाने चालायला लागला. त्या चार तासांत मला जी भीती वाटली ती पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून एवढं लिहितोय.

आपलं कळसूबाई १६४६ मीटर. गंगोत्री गावच ३१०० च्या आसपास आहे, म्हणजे गाडीतून उतरता तेव्हाच कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असता. भोजबासा ३८०० च्या घरात आणि गोमुख ४००० च्या जवळ. सह्याद्रीत कमावलेला दम तिथे कामाला येतो पण तो पायांना, रक्तातल्या ऑक्सिजनला नाही.

डॉ_शेवंती | २० ऑगस्ट २०२४

सह्यवेडा यांनी लिहिलंय ते शंभर टक्के. डॉक्टर म्हणून दोन शब्द.

३००० मीटरच्या वर गेलात की झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा साधा नियम आहे. गंगोत्री ते भोजबासा हाच फरक ७०० आहे, म्हणून गंगोत्रीत दोन रात्री हव्याच. त्याआधी एक रात्र हर्षिलला काढलीत तर उत्तमच, ते २६०० च्या आसपास आहे. डोकेदुखी, मळमळ, भूक मेलेली, झोप न लागणं यातलं काहीही दिसलं तर वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. तोल जातोय, माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय किंवा बसल्या जागी धाप लागतेय असं झालं तर रात्र असो वा पाऊस, खाली आणायचं, त्यात वाट बघणं नाही. सह्यवेडा, तुमच्या मित्राला त्या रात्री काही झालं नाही हे त्याचं नशीब.

बाबांची बीपीची गोळी चालू ठेवायचीच, पण जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना उंचीबद्दल स्पष्ट सांगून तपासणी करून घ्या. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर विशेष विचारा. आणि ताई, घरच्या सगळ्यांशी आधीच बोलून ठेवा की कोणीही, कधीही, 'मी परत फिरतो' म्हणालं की त्यावर चर्चा करायची नाही. ६७ वर्षांची माणसं मुलांच्या ट्रिपचा विरस नको म्हणून दुखणं लपवतात, हे मी रोज ओपीडीत बघते.

भटकंती_मनीची | २० ऑगस्ट २०२४

परमिट: गोमुखाची वाट गंगोत्री नॅशनल पार्कमधून जाते, दिवसाला १५० लोकांनाच सोडतात. उत्तरकाशीच्या वनविभागाच्या ऑफिसातून मिळतं, ऑनलाइनही होतं, ओळखपत्राच्या झेरॉक्स जास्तीच्या ठेवा. गंगोत्रीसाठी चारधामचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं ते विसरू नका. पार्क १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर उघडं असतं, पण मंदिर दिवाळीत अन्नकूटाला बंद होतं आणि देवी खाली मुखबा गावाला येते, त्यानंतर गंगोत्रीतली बरीचशी हॉटेलं पण आवरतात. तुम्ही दसऱ्याला जाताय म्हणजे वेळ चांगली आहे, पाऊस संपलेला, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, रात्री मात्र शून्याच्या खाली जातं.

मसुरीऐवजी ते दिवस गंगोत्रीच्या आसपासच द्या असं मनापासून सांगेन. गंगोत्रीच्या अलीकडे लंका म्हणून जागा आहे, तिथून गरतांग गलीला जाता येतं. उभ्या कड्याला खिळवलेला लाकडी जिना, खाली जाडगंगेची घळ, जुन्या काळी तिबेटशी व्यापार करणारे इथून ये-जा करायचे. १९६२ च्या युद्धानंतर बंद झाला होता तो २०२१ मध्ये, ५९ वर्षांनी, दुरुस्त करून उघडला. उंचीची सवय व्हायला अर्ध्या दिवसाची ही चाल एकदम योग्य.

कोलाडचा_नावाडी | २१ ऑगस्ट २०२४

राफ्टिंगचं मी सांगतो. कुंडलिकेवर चार सीझन राफ्ट चालवलीय, मग दोन सीझन ऋषिकेशला.

कोलाडला भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं, त्या पाण्यावर आपण १२ किलोमीटर जातो, पाणी गेलं की नदी उघडी पडते. गंगा तशी नाही, ती मोठी आहे, खोल आहे आणि थंड आहे. मुंबईच्या मुलांना पाण्याच्या जोरापेक्षा थंडीचाच पहिला धक्का बसतो, पडल्या पडल्या श्वास अडकतो आणि तोंड उघडतं. लेकीला आधीच सांगून ठेवा, पडलीस तर पहिले काही सेकंद श्वास जागेवर आणायचा, बाकी सगळं जॅकेट करतं. मग पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाचे अंगठे पाण्याबाहेर दिसले पाहिजेत. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधीच करायचा नाही, गुडघाभर पाणी असलं तरी नाही. तळाच्या दोन दगडांत पाय अडकला की मागचं पाणी माणसाला पुढे आडवं करतं, आणि मग जॅकेटही उपयोगाचं राहात नाही. नदीत होणारे वाईट प्रकार यातूनच होतात आणि किनाऱ्यावर बसलेल्याला कळतही नाही.

१४ च्या खाली घेत नाहीत, तुमची लेक १५ ची आहे म्हणजे चालेल. शिवपुरी ते ऋषिकेश १६ किलोमीटरचा टप्पा घ्या, रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स, क्लब हाऊस, डबल ट्रबल हे रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे पट्टे, त्यात येतात. कौडियालाहून सुरू होणारा मोठा टप्पा पहिल्यांदा नको, तिथला वॉल रॅपिड जाणत्यांचं काम आहे. बसण्याआधी तीन गोष्टी बघा: जॅकेटचे पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढलं तरी हनुवटीपर्यंत सरकता कामा नये, हेल्मेटची क्लिप लागते का, आणि सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्याला उचलणारी छोटी होडी, आहे का. गाईड पाण्याबाहेर पाच मिनिटं नीट ब्रीफिंग देत नसेल तर उठून दुसरीकडे जा.

ऋतुजा_क्राइस्टचर्च | २२ ऑगस्ट २०२४

बर्फावर चालण्याबद्दल. मी न्यूझीलंडमध्ये राहते, इथे फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर आधी दरीतून चालत जाऊन बर्फावर चढता यायचं, मी स्वतः २०१० मध्ये तशीच गेले होते, बुटांना क्रॅम्पॉन (लोखंडी काटे) बांधून, गाईडच्या मागे, त्याने कुऱ्हाडीने पायऱ्या कोरलेल्या. हिमनदी इतकी मागे सरकली की २०१२ पासून ते बंद झालं, आता हेलिकॉप्टरनेच वर नेतात.

गोमुख त्या प्रकारचं नाही ना? माझ्या वाचनाप्रमाणे तिथे हिमनदी दगडमातीने झाकलेली आहे.

भटकंती_मनीची | २२ ऑगस्ट २०२४

बरोबर. गोमुखाला बर्फावर चढायचं नाही आणि हिमनदीच्या तोंडाच्या जवळही जायचं नाही, वरून दगड आणि बर्फाचे चिरे सुटतात. पुढे वरच्या तपोवन पठारावर जाणारे लोक वेगळी तयारी करून, माहीतगार गाईड घेऊन जातात.

कावेरी_ठाणे | २३ ऑगस्ट २०२४

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री जेवताना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, सह्यवेडा यांचा किस्सा ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मसुरी रद्द. आता हर्षिल एक रात्र, गंगोत्री दोन रात्री, भोजबासा दोन रात्री धरल्यात, आणि राफ्टिंग शेवटी ठेवलंय, म्हणजे पाण्याबरोबर आपणही वरून खाली येऊ ही लेकीची आयडिया.

कावेरी_ठाणे | २० ऑक्टोबर २०२४

जाऊन आलो! सविस्तर लिहिते कारण तुमच्यामुळेच ही ट्रिप झाली.

ऋषिकेशहून चंबामार्गे निघालो, टिहरीचं पाणी दिसायला लागल्यावर बाबांनी गाडी थांबवायला लावली, २६० मीटर उंच धरणामागे अडलेली तीच भागीरथी, हिरवी आणि एकदम शांत. हर्षिलला पोचेपर्यंत अंधार पडला होता, सकाळी उठून खिडकी उघडली तर देवदार आणि नदीचा आवाज. गंगोत्रीकडे जाताना धरालीत रस्त्यालगतच्या छोट्या ढाब्यावर जेवलो, राजमा आणि भात, राजमा तिथलाच, लहान दाण्याचा, इतका मऊ की सालही लागत नाही. ढाब्याच्या मावशींनी लेकीला मागच्या बागेत नेऊन सफरचंदं तोडू दिली, झाडाखाली पडलेली तिने उचलली तर म्हणाल्या नीचे का नहीं, ऊपर का खाओ. येताना दोन किलो राजमा घेतला आणि फोन नंबर पण.

गरतांग गलीला आम्ही चौघंही गेलो. फळ्यांच्या फटीतून खाली घळ दिसते, नवऱ्याला उंचीची भीती आहे तो कड्याकडचा कठडा धरून सगळा जिना चालला पण चालला.

ट्रेकच्या सकाळी वनविभागाच्या कनखू चौकीवर सामान उघडून प्लॅस्टिक मोजलं. बिस्किटांचे पुडे, चिक्कीची वेष्टनं, ओआरएसच्या पुड्या, सगळं मिळून २३ आणि रजिस्टरमध्ये लिहून डिपॉझिट घेतलं, परत येताना २३ दाखवायचे. लेकीने ती जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि दोन दिवस एकेक कागद घडी करून एकाच पिशवीत ठेवत होती.

चिरबासा ९ किलोमीटर, पाइनची झाडं, तिथे चहा. तिथपर्यंत सगळे मजेत. त्याच्या पुढे गिला पहाड नावाचा पट्टा लागतो, डोंगरच मोकळ्या दगडमातीचा. आमचा गाईड तिथे बोलायचा थांबला आणि आम्हालाही बोलू देईना, वर बघत बघत एकेकाला पुढे सोडलं. वर भरल चरत होते, निळसर करड्या मेंढ्यांसारखे, त्यातल्या एकाच्या खुराने दगड सुटला आणि आमच्या पुढे दहाएक पावलांवर आपटून खाली नदीकडे गेला. नारळाएवढा असेल. कोणी काही बोललं नाही, नुसते पाय उचलले.

भोजबासाला नावापुरतीच भूर्जाची झाडं उरलीत. एका झाडाची साल आपोआप सुटली होती, आतून गुलाबीसर, कागदासारखे पापुद्रे, एकावर एक. लेकीने हात लावून बघितलं, तोडली नाही.

रात्री बाबांना झोप लागली नाही. पहाटे मी विचारलं तेव्हा म्हणाले डोकं जड आहे, नाश्ता नको वाटतोय, आणि मग स्वतःहून म्हणाले, कावेरी, मी खाली जातो, डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं ना. डॉ_शेवंती, तुमच्या त्या एका वाक्यामुळे माझ्या बाबांनी दुखणं लपवलं नाही. नवरा आणि एक पोर्टर त्यांना घेऊन खाली गेले, दुपारी गंगोत्रीत पोचल्यावर ते पोटभर जेवले.

मी, लेक आणि गाईड पुढे गेलो. सकाळी लवकर निघालो कारण गाईड म्हणाला ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि नाले भरतात. आणि खरंच, जाताना एक ओढा आम्ही दगडांवर पाय देऊन ओलांडला, दगडांवर बर्फाची काचेसारखी पातळ कड होती, दुपारी परत येताना त्याच दगडांवरून पाणी वाहत होतं आणि बूट काढून, एकमेकींचे हात धरून यावं लागलं. त्याच नदीची सकाळ आणि दुपार इतकी वेगळी असते हे ठाण्यात बसून कळलं नसतं.

गोमुख दिसलं तेव्हा लेक आधी म्हणाली, हे तर काळं आहे. पांढरंशुभ्र काहीच नाही. राखाडी, मळकट भिंत, वर दगडमातीचा थर, आणि जिथे ताजा चिरा निघालाय तिथे आतून निळं. मागे भागीरथी शिखरं आणि बाजूला शिवलिंग, ६५४३ मीटर. लांबच थांबलो. दहा-पंधरा मिनिटांनी कुठून तरी खर्र आवाज यायचा आणि माती घसरायची. नदीच्या कडेला वाहून आलेला बर्फाचा तुकडा लेकीने हातात घेतला, आत बारीक बारीक बुडबुडे अडकलेले. कानाला लावला तर वितळताना तडतडतो, हवा सुटते ती. किती वर्षांपूर्वीची हवा असेल ग, असं तिने विचारलं, मी काय सांगणार.

गाईड पन्नाशीचा. लहानपणी वडिलांबरोबर यायचा तेव्हा तोंड बरंच अलीकडे होतं म्हणाला, हाताने दाखवलं ते अंतर आम्ही नंतर चाललो तर चांगलं पाऊण तास लागला, वाट दगडांची आहे हे धरूनही. घरी येऊन वाचलं, १९३५ मध्ये ऑडेन नावाच्या भूवैज्ञानिकाने हे तोंड नकाशावर नोंदवलं, तिथपासून शतकाच्या अखेरपर्यंत वर्षाला सरासरी २० मीटरच्या आसपास मागे गेलंय. हिमनदी ३० किलोमीटर लांब आहे म्हणून काही लोक म्हणतात काय फरक पडतो. तो माणूस हात करून दाखवत होता तेव्हा तुम्ही तिथे असतात तर असं म्हणाला नसतात.

बाबांसाठी तांब्या भरून आणला.

शेवटी ऋषिकेश. मी, नवरा, लेक राफ्टमध्ये, बाबा खाली घाटावर. रोलर कोस्टरला पहिली लाट डोक्यावरून गेली, मी वल्हं सोडून दोरी धरली, लेक मात्र गाईडच्या हुकमावर वल्हवत होती. पुढे शांत पाण्यात उडी मारू देतात. ती उतरली, श्वास अडकला, मी वरून बघत होते, मग पाठीवर झाली आणि अंगठे बाहेर काढून मला दाखवले. नावाडीदादा, हे तुमच्यासाठी.

कोलाडचा_नावाडी | २० ऑक्टोबर २०२४

वाचून खूप बरं वाटलं. पोरीला शाबासकी द्या. एकदा कोलाडला आणा तिला, सकाळचं पाणी पकडू.

डॉ_शेवंती | २१ ऑक्टोबर २०२४

बाबांना माझा नमस्कार सांगा. परत फिरायचं त्यांनी स्वतः ठरवलं, गोमुख गाठण्यापेक्षा ते अवघड आहे.

सह्यवेडा_सातारा | २१ ऑक्टोबर २०२४

त्या मित्राला हा धागा पाठवला. पुढच्या वर्षी परत जाऊ म्हणतोय, यावेळी गंगोत्रीत दोन रात्री काढून.

कावेरी_ठाणे | ६ ऑगस्ट २०२५

धागा वर काढतेय. काल दुपारी धरालीत खीरगंगा ओढ्याचा लोंढा आला. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. मी तो थांबवून थांबवून बघितला, आम्ही जेवलो तो ढाबा कुठे असेल ते शोधत, पण रस्ताच कुठे आहे ते कळत नाही. मावशींचा फोन लागत नाही. कल्प केदारचं मंदिरही गाडलं गेलं म्हणतात. कुणाचं त्या भागात कुणी आहे का, काही कळतंय का?

भटकंती_मनीची | ६ ऑगस्ट २०२५

त्या भागातलं नेटवर्क आणि वीज दोन्ही गेलंय, रस्ताही तुटलाय, त्यामुळे फोन लागत नाही याचा अर्थ वाईटच असा लगेच काढू नका. महाराष्ट्रातले बरेच प्रवासी पण वर अडकलेत, त्यांच्याही घरच्यांना काही कळत नाहीये. हर्षिलहून हेलिकॉप्टरने काढायचं काम सुरू आहे.

कावेरी_ठाणे | ११ ऑगस्ट २०२५

आज दुपारी फोन लागला. मावशी त्या दिवशी नदीपलीकडे मुखब्याला होत्या, तिथून त्यांनी सगळं बघितलं. ढाबा नाही, बाग नाही, घर नाही, शेजारचे दोघं सापडलेले नाहीत. सफरचंदं महिन्याभरात उतरवायची होती म्हणाल्या. मग विचारलं, बिटिया दसवीं में गई ना?

निनाद_नाशिक | १२ ऑगस्ट २०२५

कावेरीताई, वाचून सुन्न झालो. आमचं सप्टेंबर अखेरचं हर्षिलचं होमस्टे बुकिंग आहे, ५००० रुपये अ‍ॅडव्हान्स दिलेत, हाच धागा वाचून प्लॅन केला होता. काय करावं?

कावेरी_ठाणे | १२ ऑगस्ट २०२५

निनाद, यंदा जाऊ नका. रस्ता अजून पूर्ण झालेला नाही आणि तिथलं जे काही शिधा-डिझेल वर पोचतंय ते तिथल्या माणसांना लागणार आहे. होमस्टेवाल्यांना फोन करा, आत्ता लागत नसेल तर आठ दिवसांनी करा, आणि ते ५००० परत मागू नका, त्यांच्याकडेच राहू द्या, पुढच्या वर्षी येतो म्हणा. आम्ही पुढच्या ऑक्टोबरचं आत्ताच कळवलंय.